टॉर्चची बॅटरी पूर्ण संपवून मगच चार्ज करायची?

'बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा' हा सल्ला टॉर्च घेताना आजही हमखास मिळतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम सेलसाठी होता. 1991 मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन सेलला तो लागू होत नाही, उलट मारकच ठरतो.

टॉर्चमधला नेहमीचा 18650 हा लिथियम-आयन सेल घ्या. 18 मिमी जाड, 65 मिमी लांब, पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट. उतरत उतरत तो 2.5 च्या बराच खाली गेला आणि तसाच पडून राहिला, तर आतल्या पातळ पत्र्याचं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी जमतं आणि सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. म्हणूनच मल्टिमीटरवर दीड व्होल्ट दाखवणारा सेल पुन्हा जिवंत करायच्या भानगडीत कृपा करून पडू नका, ई-कचऱ्यात द्या.

उजेड मंदावण्याची वाटही बघू नका, अर्धा उतरलेला सेल खुशाल चार्ज करा. पावसाळ्यानंतर टॉर्च कपाटात जाणार असेल, तर सेल निम्मा भरून, बाहेर काढून थंड, कोरड्या जागी ठेवा. उन्हात तापणाऱ्या गाडीत मुळीच नको, तिथे न वापरताही त्याची क्षमता घटते.