व्हायरल, पण कोणत्या आकाराने?

एखादी चित्रफीत ‘व्हायरल’ झाली असे वृत्तवाहिन्या सांगतात, तेव्हा ती तापाच्या साथीप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे पसरली असावी, असे आपण गृहीत धरतो. ते गृहीतक तपासण्याची पट्टी संज्ञापनशास्त्राला, म्हणजे संदेश कसे पसरतात याच्या अभ्यासाला, चक्क रसायनशास्त्राकडून मिळाली आहे.

पॅराफिन वर्गातील (कार्बन आणि हायड्रोजन यांच्या) संयुगांचा उत्कलनबिंदू रेणूच्या घडणीशी निगडित असतो, हे हॅरी वीनर यांनी १९४७ मध्ये दाखवले. ब्युटेन आणि आयसोब्युटेन या दोन्हींत कार्बनचे अणू ४च. मात्र पहिल्यात ते एका ओळीत असतात, तर दुसऱ्यात मधल्या एकाला तिघे जोडलेले असतात. पहिले उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळते, दुसरे उणे ११.७ अंशांना. कार्बनच्या प्रत्येक जोडीमधले बंध मोजून बेरीज केली, तर ओळीची १० येते, ताऱ्यासारख्या दुसऱ्या रचनेची ९. एकूण ६ जोड्यांनी भागल्यास सरासरी अंतर अनुक्रमे १.६७ आणि १.५. आता अणूंच्या जागी माणसे ठेवा. एकाने थेट हजारोंना संदेश पाठवला, तरी हे अंतर २ च्या आतच राहते. पण १०० जणांच्या सरळ साखळीतून तो गेला, तर ते ३३ च्या पुढे जाते.

संशोधक शरद गोयल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच पट्टी ट्विटरवरील सुमारे एक अब्ज प्रसारांना लावली. मोठ्या लोकप्रियतेमागे बहुधा साखळी नव्हे, तर एखादे मोठे थेट प्रक्षेपण असते, असे त्यांना आढळले. म्हणजे नव्या माध्यमातही जुन्या नभोवाणीचाच आकार! (‘११ जणांना पाठवा, शुभवार्ता येईल’ हा संदेश सर्वांनी पाळला, तर दहाव्या पायरीलाच पृथ्वीवरील माणसे अपुरी पडतील, शुभवार्ता कोणाला मिळणार, हा प्रश्नच उरत नाही.)

अमेरिकेतील ओहायोच्या ईरी काउंटीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४० च्या निवडणुकीत मतदारांच्या पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या आणि रेडिओ-वृत्तपत्रांतील मते आधी मोजक्या जाणत्यांकडे, मग त्यांच्याकडून इतरांकडे जातात, असा सिद्धान्त त्यातून पुढे आला. त्यांचा आधार लोकांची स्मरणशक्ती होती. आज प्रत्येक पायरीचा माग यंत्रात उरतो, म्हणून या शाखेत प्रश्नावलीच्या शेजारी आलेखांचे, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे, गणित येऊन बसले आहे.

परंतु आपल्याकडे कुटुंबाचे, सोसायटीचे आणि गावाचे बोलणे जिथे चालते, त्या व्हॉट्सॲपवर संदेश कूटबद्ध असल्यामुळे कोणाकडून कोणाकडे गेले याचे हे फांद्या फुटत जाणारे झाड बाहेरच्या अभ्यासकाला दिसत नाही. अनेकदा पुढे ढकलल्या गेलेल्या संदेशावर दुहेरी बाण उमटतो, एवढीच खूण मिळते. आणि कोणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, की तीही पुसली जाते.