शेतात राबूनही ‘काम न करणारी’

१९६१ च्या जनगणनेत भारतात काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे ५.९ कोटी होती. १९७१ मध्ये ती ३.१ कोटींवर आली. त्याच दहा वर्षांत देशाची लोकसंख्या मात्र जवळपास पंचवीस टक्क्यांनी वाढली होती. मग पावणेतीन कोटींहून जास्त बायका कामावरून घरी बसल्या की काय? तसं काही झालं नव्हतं. खुरपणी, लावणी, कापणी पूर्वीसारखीच चालू होती. बदलला होता तो जनगणनेतला प्रश्न.

१९६१ ची व्याख्या मोठ्या मनाची होती. शेतीसारख्या हंगामी कामात हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून जास्त काम केलं, तर ती व्यक्ती काम करणारी. १९७१ मध्ये प्रगणकांनी, म्हणजे घरोघर फिरून माहिती नोंदवणाऱ्यांनी विचारलं, तुमचा मुख्य उद्योग कोणता? आता ज्या बाईचा दिवस पाणी भरणं, स्वयंपाक, गोठा, मुलं, मग दुपारभर निंदणी आणि पुन्हा स्वयंपाक असा जातो, तिचा मुख्य उद्योग काय सांगणार? उत्तर बहुधा घरातला कर्ता पुरुष देई आणि तो सहज सांगून जाई, ‘ती घरीच असते.’ तिचं शेतातलं काम दुय्यम म्हणून वेगळं नोंदवायची सोय होती, पण काम करणाऱ्यांच्या मुख्य आकड्यात ती आली नाही. पुरुषांचं प्रमाणही घटलं, पण थोडंच. व्याख्येचा बहुतेक भार बायकांवर पडला.

ही चूक पुढे टप्प्याटप्प्याने दुरुस्त झाली. १९८१ मध्ये दोन गट केले. वर्षातले सहा महिने, म्हणजे १८३ दिवस किंवा जास्त काम करणारे ‘मुख्य’ आणि त्याहून कमी करणारे ‘सीमांतिक’. १९९१ मध्ये घरच्या शेतावर किंवा धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरायचं, हे प्रश्नातच लिहिलं गेलं. नुसत्या या एका वाक्याचं मोल मला फार वाटतं. प्रगणकाने तेवढं वाचून दाखवलं की उत्तर देणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो.

तरीही १८३ दिवसांची ही रेघ प्रत्यक्षात किती नाजूक आहे, ते बीडकडच्या ऊसतोड मजुरांत बघावं. तिथे मजुरांची मोजणी ‘कोयत्या’वर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती जोडीला आणि पैसे होतात ते जोडीने तोडलेल्या टनांवर. नवरा ऊस तोडतो, बायको उसाचा पाला साफ करते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे पाच-सहा महिने. नेमका त्या रेघेवर! एखाद्या वर्षी ऊस कमी असला, पट्टा लवकर पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप लवकर संपलं, तर तीच बाई मुख्यची सीमांतिक होऊ शकते. पावसाळ्यात ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, ते दिवस यात मिळवले तर ती पुन्हा मुख्य. ते मिळवायचे की नाही, हे प्रगणक किती खोदून विचारतो त्यावर ठरतं. शिवाय २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. तेव्हा ही कुटुंबं गाव सोडून उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत होती. जो या पूर्ण काळात घरापासून दूर, त्याची नोंद जिथे सापडेल तिथे, असा नियम आहे. म्हणून त्यांच्या गावांची त्या वर्षीची लोकसंख्या वाचताना महिना कोणता होता, हे ध्यानात ठेवायला हवं.

बेरोजगारीच्या आकड्यालाही हेच लागू आहे. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत २०१७-१८ साली बेरोजगारीचा दर सुमारे ६ टक्के निघाला आणि त्याच पाहणीत जवळपास ९ टक्केही निघाला. दोन्ही खरे. पहिला दर वर्षभराच्या स्थितीचा. त्यात वर्षाचा बराच काळ काम नसलं, तरी जोडकाम म्हणून किमान ३० दिवस काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. दुसरा दर फक्त मागच्या सात दिवसांचा. त्या सात दिवसांत एक तासही काम मिळालं नाही आणि माणूस कामाच्या शोधात किंवा तयारीत होता, तर तो बेरोजगार. हंगामात राबून नंतर रिकामा बसलेला मजूर दुसऱ्या दरात दिसतो, पहिल्यात दिसत नाही. टीव्हीवरच्या वादात एक जण पहिला आकडा फेकतो, दुसरा दुसरा. निकष कुणीच सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कुणीतरी खोटं बोलतंय.

याच पाहणीत प्रत्येक माणसाला कामाच्या स्थितीचा एक सांकेतिक अंक मिळतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि त्याशिवाय घरासाठी सरपण, चारा, रानभाजी फुकट गोळा करणं, शिवणकाम वगैरे. दोन्ही अंक ‘श्रमशक्तीबाहेर’ या रकान्यात, म्हणजे काम न करणाऱ्या आणि न शोधणाऱ्यांत जातात. जळणाच्या लाकडाची किंमत राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरतात, पण ते लाकूड डोक्यावरून आणणारी ९३ क्रमांकाची बाई काम करणाऱ्यांत धरत नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही विसंगत वाटतं.

या बायकांच्या श्रमांची मोजदाद दुसऱ्या वाटेने मात्र झाली. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पहिली पाहणी झाली. ‘तुम्ही कोण?’ असं न विचारता ‘कालचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने सांगा’ असं विचारलं. त्यात ८१ टक्के स्त्रिया घरातलं बिनपगारी काम करताना आढळल्या, दिवसाला सरासरी २९९ मिनिटं. पुरुषांत असे २६ टक्केच, आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटं. २०१३ मध्ये श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही ‘काम’ आणि ‘रोजगार’ वेगळे केले. मोबदल्यासाठी केलेलं काम हा रोजगार, आणि घरासाठी केलेलं तेही काम, पण त्याची मोजणी स्वतंत्र.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून होणार आहे आणि यावेळी माहिती स्वतः भरण्याचीही सोय आहे. म्हणजे घरात ज्याच्या हातात मोबाइल, तोच सगळ्यांचे रकाने भरणार, असं बऱ्याच घरांत होईल. तुमच्या घरी असं झालं, तर कामाच्या प्रश्नापाशी थांबा आणि आईला, बायकोला, वहिनीला तो मोठ्याने वाचून दाखवा. गेल्या वर्षी त्या किती दिवस शेतात, दुकानात, गोठ्यात होत्या, ते त्यांनाच मोजू द्या.