राग बाहेर काढला की संपतो का?

पैसे भरा, हेल्मेट चढवा आणि दांडक्यानं बाटल्या, जुने प्रिंटर फोडत सुटा. राग निघून जाईल! 'रेज रूम' नावाच्या धंद्याची ही जाहिरात परवा पाहिली आणि घरचा कुकर आठवला. मनाचं आपलं चित्रही कुकरचंच असतं. आत वाफ कोंडलेली, शिट्टी झाली की सुटका. 'एकदाचं रडून घे, मोकळं वाटेल' हा सल्ला त्यातलाच.

या चित्राला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली व्हिएन्नात. डॉ. जोसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात बेर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार केले. ती मनात साचलेलं बोलून टाकायची आणि लक्षणं ओसरायची, असं ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये 'ॲना ओ.' या टोपणनावाखाली लिहिलं. बेर्था स्वतः या प्रकाराला गमतीनं 'धुराडं झाडणं' म्हणायची. मात्र उपचार थांबले त्याच वर्षी तिला स्वित्झर्लंडमधल्या सॅनेटोरियममध्ये दाखल करावं लागलं होतं. ही गोष्ट त्या दोघांच्या पुस्तकात नाही.

कुकरची रीतसर परीक्षा मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये घेतली. ६०० विद्यार्थी. आधी त्यांच्या निबंधावर जहरी शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना त्या शेरे मारणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं, तर काहींना नुसतं बसवून ठेवलं. जास्त चिडलेले राहिले ते ठोसेवाले.

मग महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालणाऱ्या मानसोपचारात होतं तरी काय? माणूस तिथेही बोलतो, रडतो, चिडतोच की. इथे मला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स आवडतात. थेरपिस्टच्या खोलीतलं बोलणं ध्वनिमुद्रित करायला त्यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच घेतलं होतं. तासन्‌तास ती मुद्रणं ऐकून १९५८ मध्ये त्यांनी बदलाच्या सात पायऱ्या मांडल्या. त्याच धाग्यावर युजीन जेंडलिन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सात पातळ्यांची मोजपट्टी केली. तिच्यात भावना किती जोरात आली हे मोजत नाहीत. बोलणारा तिच्या किती जवळ उभा आहे, हे मोजतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिली पातळी: 'भावाभावांत कुरबुरी असायच्याच.' यात 'मी' कुठेच नाही. दुसरी: 'दादानं परस्पर घर विकलं, मी वकिलाकडे गेलो.' मी आला, पण भावना नाही. तिसरी: 'त्यानं असं केलं म्हणून मला संताप आला.' भावना आली, पण दोर दादाच्या हातात. चौथी: 'तो विषय निघाला की घशात काहीतरी अडकतं, लहान झाल्यासारखं वाटतं.' पाचवी: 'मी राग राग म्हणतोय, पण हा राग आहे का? की मी विचारण्याच्याही लायकीचा नव्हतो, हे झोंबतंय?' पुढच्या दोन पातळ्यांत या प्रश्नातून आत काहीतरी नवं उमगतं आणि एकातून दुसरं उलगडत जातं. परीक्षक काही मिनिटांचा तुकडा ऐकून दोन आकडे देतात. त्या तुकड्यात जास्तीत जास्त वेळ कोणती पातळी होती आणि सर्वांत वर कुठवर गेली.

मराठीत राग 'येतो', रडू 'कोसळतं', ऊर 'भरून येतो'. भावना पावसासारखी येते, माणूस नुसता भिजतो. पाचव्या पातळीवरचा माणूस त्या पावसाला 'तू कुठून आलास?' असं विचारू लागतो.

लेस्ली ग्रीनबर्ग आणि अंतोनियो पास्कुआल-लिओन या मानसोपचाराच्या अभ्यासकांनी याच बदलाला भावनांची नावं दिली. वरवरची तगमग आणि झिडकारणारा राग यांच्याखाली बहुधा लाज किंवा भीती असते. तिच्यापर्यंत पोचलं की 'मला काय हवं होतं?' हे सापडतं. त्यानंतर पुन्हा राग येतो, पण वेगळ्या जातीचा. 'दादा नालायक आहे' असं तो म्हणत नाही. 'मला विचारायला हवं होतं' असं म्हणतो. त्याच्या जोडीला दोषारोप नसलेलं दुःख येतं. म्हणजे पहिल्या आणि शंभराव्या भेटीतला हुंदका मायक्रोफोनला सारखाच वाटला, तरी दोन्ही रडणी निराळी असू शकतात.

'अंगातलं' घुमून निघून गेलं म्हणणारे आणि दोन दिवसांच्या शिबिरात 'दडपलेला ट्रॉमा' काढून देणारे, दोघंही कुकरवालेच. दुसऱ्यांची फी तेवढी जास्त.

ही चढण सरळ नसते. पास्कुआल-लिओन यांच्या २००९ च्या निबंधाच्या शीर्षकातच 'दोन पावलं पुढे, एक मागे' आहे. ध्वनिचित्रमुद्रणं मिनिटामिनिटानं तपासताना त्यांना दिसलं, की फलदायी ठरलेल्या भेटींतही माणसं पुन्हा पुन्हा जुन्या तगमगीत कोसळतात. फक्त दर वेळी तिथला मुक्काम आखडत जातो. ज्या भेटी फळत नाहीत, त्यांत तो लांबत जातो.