कॅपिंग किटमधली सर्वांत नाजूक नळी

आमचं आरएनए कॅपिंग किट, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला 'कॅप' ही रासायनिक टोपी बसवणारं किट, घेतल्याबद्दल मनापासून आभार. किटमध्ये पाच नळ्या आहेत: बफर, जीटीपी (कॅपमधलं ग्वानोसिन यातून येतं), सॅम (मिथाइल हा छोटा कार्बन-गट पुरवणारं रसायन) आणि दोन एन्झाइम. "कॅप लागत नाही, एन्झाइम मेलेलं दिसतंय" असा फोन आला, की बहुतेक वेळा एन्झाइम ठणठणीत असतं. बिघडलेलं असतं ते सॅम. म्हणून हे पत्रक.

टी7 पॉलिमरेजने (डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमने) बनवलेल्या आरएनएच्या 5′ टोकाला, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला, तीन फॉस्फेट उघडे असतात. पहिलं एन्झाइम व्हॅक्सिनिया विषाणूचं आहे, म्हणजे देवीच्या लशीतला विषाणू. (कॅपचा शोधही 1975 मध्ये व्हॅक्सिनिया आणि रिओव्हायरसच्या आरएनएवरच लागला.) ते एक फॉस्फेट काढतं, तिथे ग्वानोसिन उलटं जोडतं आणि त्याच्या 7व्या जागेवरच्या नायट्रोजनला मिथाइल लावतं. झाली कॅप-0. हा मिथाइल नसेल, तर प्रथिननिर्मिती सुरू करणारं इआयएफ4ई कॅपला नीट धरतच नाही. दुसरं एन्झाइम आरएनएच्या पहिल्या न्यूक्लिओटाइडच्या (साखळीतल्या पहिल्या घटकाच्या) साखरेला, 2′ जागी, आणखी एक मिथाइल लावतं, ती कॅप-1. आपल्या पेशींचा स्वतःचा एमआरएनए असाच असतो. कॅप-0 वर आयफिट-1 हे प्रथिन चिकटतं आणि प्रथिननिर्मिती अडवतं, म्हणून आरएनए पेशींत किंवा प्राण्यांत सोडणार असाल तर दुसरं एन्झाइम कृपया वगळू नका.

दोन्ही मिथाइल येतात सॅमकडून, म्हणजे एस-अ‍ॅडेनोसिलमिथायोनिनकडून. त्यातल्या गंधकावर धनभार असल्यामुळे ते मिथाइल सहज देऊन टाकतं, आणि त्याच धनभारामुळे उदासीन पीएचला, उबेत, आपोआप तुटतंही. आम्ही ते सौम्य आम्लात पाठवतो. नळी आल्या दिवशीच छोटे भाग करून उणे 20 अंशांवर ठेवा. लागेल तेवढंच ऐन वेळी, बर्फावर, पातळ करा; उरलेलं टाकून द्या. ते परत फ्रीझरमध्ये ठेवायचा मोह होतो, पण पुढचा प्रयोग त्यातच वाया जातो. मिथाइल दिल्यावर मागे राहणारं एसएएच एन्झाइमच्या खाचेत अडकून काम मंदावतं, हेही लक्षात असू द्या.

आरएनए न्यूक्लिएजमुक्त (आरएनए तोडणारी एन्झाइम नसलेल्या) पाण्यात घ्या. त्यात ईडीटीए (धातूचे आयन बांधणारं रसायन) असेल तर ते एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम पकडून ठेवतं. बफर आणि एन्झाइम घालण्याआधी आरएनए 65 अंशांवर 5 मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवा, म्हणजे घडीत दडलेलं टोक मोकळं होतं. मग 37 अंशांवर अर्धा तास. रासायनिक पद्धतीने बनवून घेतलेल्या आरएनएला टोकाशी सहसा फॉस्फेटच नसतात. त्याला हे किट कॅप लावू शकत नाही.

कोविडच्या एमआरएनए लशींमधलं एन1-मिथाइलस्यूडोयुरिडिन (युरिडिन या आरएनएच्या घटकाचं बदललेलं रूप) या किटने मिळेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. तिथला मिथाइल आधीच बसवलेला असतो. ते न्यूक्लिओटाइड युरिडिनच्या जागी टी7च्या अभिक्रियेतच घालावं लागतं.

अडचण आली तर जरूर फोन करा. आरएनए कशात विरघळवला आहे आणि सॅमची नळी किती वेळा वितळवली, एवढं तेव्हा सांगा.