ग्रे पोपट परदेशात न्यायचाय? आधी कागद, मग तिकीट

पोपट माझा, पैसे मी दिलेत, मग सोबत न्यायला परवानगी कसली, असं आफ्रिकन ग्रेवाल्या बऱ्याच जणांना वाटतं. लागते परवानगी, एकाच पक्ष्याला पण लागते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलातून हा पोपट इतका पकडला गेला की घानात तर तो जवळजवळ संपलाच, म्हणून २०१६ ला जोहान्सबर्गच्या बैठकीत त्याला सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत टाकला, आणि २ जानेवारी २०१७ पासून जंगली ग्रेचा आंतरराष्ट्रीय धंदा बंद.

आता पहिला प्रश्न तुमचा पक्षी आला कुठून हा, बाकी सगळं त्यावर ठरतं. परमिटवर सोर्स कोड असतो. 'डब्ल्यू' म्हणजे जंगलातला, 'सी' म्हणजे पिंजऱ्यात पैदास झालेला, 'डी' म्हणजे सायटीसकडे रजिस्टर असलेल्या ब्रीडरकडचा. नुसतं अंडं पिंजऱ्यात फुटलं म्हणून 'सी' मिळत नाही बरं का, आईबापांची जोडी पण कायदेशीर मार्गाने आलेली दाखवावी लागते, आणि इथेच बहुतेक अर्ज अडकतात कारण घेताना कोणी पावतीच मागितलेली नसते. म्हणून पावती, ब्रीडरचं पत्र, पायातल्या बंद रिंगचा नंबर नाहीतर मायक्रोचिपचा नंबर, हे सगळं एकमेकांशी जुळायला पाहिजे. एक आकडा चुकला तरी प्रश्न येतात.

"मी २०१७ च्या आधी घेतलाय, मला नियम नाही" हे पण चूक. हा पोपट त्याच्या कितीतरी आधीपासून सायटीसच्या यादीत होताच, फक्त परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे कमी कडक यादीत. यादीत येण्याआधीपासूनच्या पक्ष्याला मिळणारी सूट त्या पहिल्या नोंदीच्या तारखेवरून धरतात.

अर्ज करायचा तो देशाच्या सायटीस मॅनेजमेंट अथॉरिटीकडे, म्हणजे ही परमिटं देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे. परिशिष्ट १ चा पूर्ण नियम लागू असेल तर क्रम उलटा वाटतो, म्हणजे जिथे जायचंय तिथलं इम्पोर्ट परमिट आधी, ते दाखवल्यावरच इकडचं एक्सपोर्ट परमिट. 'सी'वाल्या पक्ष्याला कधीकधी कॅप्टिव्ह ब्रीडिंगचं सर्टिफिकेट पुरतं, पण काही देशांचे स्वतःचे नियम जास्त कडक असतात म्हणून दोन्हीकडे लेखी विचारा, फोनवरच्या 'हो'ला काही किंमत नाही. एक्सपोर्ट परमिट ६ महिने चालतं, इम्पोर्टचं १२, त्यामुळे तिकीट सगळ्यात शेवटी काढा. जनावरांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि क्वारंटाइन ही वेगळी भानगड, ती सायटीसमध्ये येत नाही. पिंजरा मात्र आयाटाच्या (विमान कंपन्यांची संघटना) जिवंत प्राण्यांच्या नियमात बसणारा हवा.

निघताना ओरिजिनल परमिट हातात ठेवा, झेरॉक्स चालत नाही, आणि कस्टम्सकडून त्यावर सही-शिक्का घ्यायला विसरू नका. सारखं येणं-जाणं असेल तर मालकीच्या सर्टिफिकेटबद्दल विचारून बघा, ते जास्तीत जास्त ३ वर्षांचं असतं, दरवेळी नवीन परमिट काढायची कटकट वाचते.