जेल पॅड टाकण्याआधी घोड्याची पाठ बघा

अकलूजच्या बाजारात घोडं घेताना माणसं दात बघतात, खूर उचलतात, अंगावरचे केसांचे भोवरे मोजतात, दुडकी चालवून बघतात. खोगिराच्या जागेवर हात फिरवणारे मात्र कमीच भेटतात. तिथे दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके असतील आणि ते जन्मजात नसतील, तर त्या जागी कधीतरी इतका दाब पडत राहिला होता की केसांना रंग देणाऱ्या पेशीच मेल्या. माझ्या मते भोवऱ्यापेक्षा हा ठिपका घोड्याबद्दल जास्त सांगतो.

त्वचेतल्या केशवाहिन्या फार नाजूक असतात. माणसाच्या त्वचेवर साधारण 32 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब सतत राहिला, तरी त्यांतलं रक्त अडू लागतं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला जखमा होतात त्या यामुळेच. घोड्याच्या पाठीवर तर स्वार बसतो, आणि दुडकी चालीत त्याचा भार पाठीवर वजनाच्या दुपटीहून जास्त पडतो. हा भार खोगिराच्या पूर्ण तळावर पसरला तर पाठ तो सोसते. पण खोगीर पुढे आणि मागे टेकलं, मधे अधांतरी राहिलं, म्हणजे टेकणारी जागा निम्मी झाली की दाब दुप्पट झाला.

जेल पॅड, म्हणजे खोगिराखाली घालायची जेल भरलेली मऊ गादी, कामाला येतो तो इथे. पोळपाटावर कणकेचा गोळा दाबला की तो नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो, जेलचंही तसंच. उंचवट्याखालून ते सरकतं, खोलगट जागेत भरतं आणि भार जास्त जागेवर वाटला जातो. शिवाय प्रत्येक पावलाचा हिसका थोडा मंदावतो. पण हे सगळं खोगीर मुळात जवळपास बरोबर बसत असेल तरच.

खोगीर अरुंद असेल तर पॅड उलट त्रास वाढवतो. आतला सांगाडा ताठ असतो, तो रुंदावत नाही. मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तो आधीच रुतत असतो. त्यात पॅडची जाडी घातली की चिमटा आणखी घट्ट होतो. वरून तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळला की घोडं कान मागे टाकतं, चावायला येतं, आणि आपण त्याला खोडकर ठरवतो. ते बिचारं दुखतंय एवढंच सांगत असतं!

भीमथडीसारख्या लहान चणीच्या घोड्यावर मोठं खोगीर चढवलं तर दुसरी अडचण येते. घोड्याला फासळ्यांच्या 18 जोड्या असतात. शेवटच्या फासळीमागे कमरेला फासळ्यांचा आधार नसतो. खोगीर तिथवर गेलं तर कितीही महागडा पॅड उपयोगाचा नाही.

म्हणून आधी पॅड न घालता खोगीर ठेवून बघावं. स्वार बसल्यावरही पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटं सहज जावीत आणि कण्यावर मागपर्यंत मोकळी पन्हळ दिसावी. रपेटीनंतर खोगीर उतरवलं की घामाचा ठसा वाचावा. दोन्ही बाजूंना सारखा ओलावा असेल तर ठीक. कण्यावरचा कोरडा पट्टा चांगलाच. पण चिंब ओल्या भागात मधेच तळहाताएवढा कोरडा डाग राहिला, तर तिथे घामाच्या ग्रंथीच दाबल्या गेल्या असतील, किंवा खोगीर तिथे टेकतच नसेल. बोटांनी दाबल्यावर घोड्यानं पाठ खाली घेतली तर पहिलंच कारण धरावं. बाजारातून आणलेलं हडकुळं घोडं खुराकानं भरलं की पाठीचा आकारही बदलतो, त्यामुळे ही तपासणी दर काही महिन्यांनी करावी लागते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. पारा 40 अंशांच्या वर असताना जेल पाठीची उष्णता कोंडून ठेवतं, कारण त्यातून हवा खेळत नाही. थेट कातडीवर जेल घालण्यापेक्षा खाली लोकरीचा पातळ नमदा घालावा. लोकर घाम शोषते. घडी घातलेली चादर नको, घडीची कड पाठीत रुतते. पॅड दर वेळी धुवावा, नाहीतर वाळलेल्या घामाचं मीठ आणि धूळ कातडी घासून काढते. वाळवायचा तोही सावलीत.