देखभाल पुस्तिका, विमानांची

विमानाची तपासणी, जुळणी व दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावयाची, हे सांगणारा उत्पादकाचा अधिकृत ग्रंथ. तंत्रज्ञाने त्यातील पायऱ्या सोडू नयेत अशी अपेक्षा असते. त्यामुळे मजकुरातील संदिग्धता थेट कामात उतरते.

याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील शार्लट येथील आहे. तेथे 8 जानेवारी 2003 रोजी एअर मिडवेस्टचे बीच 1900डी विमान उड्डाण करताच कोसळून 21 जण मृत्युमुखी पडले. त्याआधी दोन दिवस विमानाच्या एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरील हलत्या पृष्ठाच्या) केबलचा ताण जुळवण्यात आला होता. पुस्तिकेत संपूर्ण रिगिंगची (नियंत्रण-केबलांच्या जुळणीची) पद्धत होती, केवळ ताणाची स्वतंत्र कृती नव्हती. म्हणून तंत्रज्ञाने व त्याला शिकवणाऱ्या निरीक्षकाने अनावश्यक वाटलेल्या पायऱ्या गाळल्या. टर्नबकल (केबलची लांबी व ताण बदलणारा फिरता जोड) चुकीचे जुळवले गेल्याने एलिव्हेटरची खालची हालचाल सुमारे निम्मीच उरली. विमानाचा गुरुत्वमध्यही मर्यादेपेक्षा मागे गेलेला होता. पायऱ्या गाळणे चूकच होते. तथापि लहान कामासाठी मोठी पद्धत पुढे ठेवणाऱ्या पुस्तिकेलाही दोषातून सर्वस्वी मुक्त करता येत नाही.

पुस्तिकांची भाषा नियंत्रित करण्याच्या प्रयत्नांचा उगम वादग्रस्त आहे. काही जण तो इंग्रज भाषाविद सी. के. ऑग्डेन यांच्या 1930 मधील 850 शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’पर्यंत नेतात. बेसिक इंग्लिश ही सर्वसाधारण व्यवहाराची भाषा होती, तर कॅटरपिलर कंपनीने 1970 च्या दशकाच्या आरंभी आखलेली मर्यादित इंग्रजी यंत्रदुरुस्तीसाठीच होती. म्हणून दुसरा दुवा अधिक जवळचा वाटतो. यूरोपीय विमान उद्योगाचे ‘सिम्प्लिफाइड इंग्लिश’ 1980 च्या दशकात सिद्ध झाले. त्यात कृतीचे वाक्य 20 शब्दांत बसवावे लागते आणि एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ व एकच व्याकरणिक रूप दिलेले असते. ‘टेस्ट’ हे नाम चालते, क्रियापद चालत नाही. मातृभाषा इंग्रजी नसलेल्या तंत्रज्ञाला रात्रपाळीत या शिस्तीचा मोठा आधार होतो.

भाषेच्या सुधारणेला मर्यादाही आहेत. ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकासमोरील काच 10 जून 1990 रोजी हवेत निखळली, तेव्हा तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट सुमारे 0.66 मिमी. बारीक निघाले. ते सुट्या भागांच्या सूचीत न पाहता जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून निवडलेले होते.